आपल्या जिल्ह्याची सायकलफेरी कशी आखायची?

मागच्या भागानंतर एका ताईंनी विचारलं, "सायकलवरून सगळा सातारा जिल्हा फिरता येईल का?" येईल. पण फेरी नीट आखली तरच.

आमची पहिली फेरी फसली होती. मी आणि माझी जाऊ साताऱ्याहून निघालो ते थेट माझ्या माहेरी, फलटणला पोचायचं ठरवून. अंतर साधारण १०५ किलोमीटर. वर्धनगडाचा घाट, पुसेगाव, दहिवडी असं करत मोगराळे घाट उतरलो तोवर पूर्ण अंधार पडला. पुढे उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागे दिवा नाही. दोघी रस्त्याच्या कडेनं सायकली ढकलत गेलो. त्या रात्री कळलं, की फेरी किलोमीटरवरून आखायची नसते, थांब्यांवरून आखायची असते.

म्हणून आधी नकाशावर मुक्काम मांडा. ओळखीचं घर, मैत्रिणीचं गाव, नाहीतर चौकशी केलेला लॉज. दोन मुक्कामांमध्ये दर १५-२० किलोमीटरवर पाणी आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते लिहून ठेवा. एसटी स्टँड किंवा पेट्रोल पंप चालतो. स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी कमी प्यायचं, असं अजिबात करू नका.

आमची सुधारलेली फेरी पाच दिवसांची आहे. पहिला दिवस सातारा ते दहिवडी, सुमारे ६५ किलोमीटर. दुसरा दिवस दहिवडी ते फलटण, ४० च्या आसपास, म्हणजे दुपारी आईच्या हातचं जेवण! तिसऱ्या दिवशी लोणंद, सालपे घाट, वाठार स्टेशन करत वाई. पूर्वी महाबळेश्वरला जाणारे लोक याच वाठारला रेल्वेतून उतरून टांग्यानं वाईकडे निघत. या वाटेनं पुणे-बंगळुरू महामार्ग फक्त ओलांडावा लागतो, त्यावरून चालवावं लागत नाही.

चौथा दिवस चढाचा. वाईहून पसरणी घाट १२ किलोमीटर, मग पाचगणी आणि महाबळेश्वर. तोवर पायांना सवय झालेली असते, म्हणून चढ मुद्दाम शेवटी ठेवलाय. शनिवार-रविवार टाळा, पर्यटकांच्या गाड्या फार असतात. दम लागला तर उतरून चाला, त्यात कमीपणा नाही. पाचव्या दिवशी केळघर घाटानं मेढा आणि सातारा. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबत-सोडत उतरा. ब्रेकचे रबर निघण्याआधीच बदलून घ्या.

असे अकरापैकी नऊ तालुके होतात. कराड आणि पाटणसाठी वेगळी फेरी करा.

काळ कोणता? पावसाळ्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माणमध्ये जेमतेम पाचशे. एकाच जिल्ह्यात इतका फरक! म्हणून डिसेंबर-जानेवारी बरा. मात्र तेव्हा दिवस ११ तासांचा असतो आणि उसाचा हंगामही चालू असतो. उजाडताच निघा, चारच्या आत मुक्काम गाठा. मागे लाल दिवा हवाच. पाळीची तारीख पाहून दिवस ठरवा. जवळ जादा ट्यूब आणि पंप ठेवा, आणि पंक्चर काढायला घरीच शिका.

शेवटचं, परतीची वाट. प्रत्येक टप्प्यावर जवळचं एसटी स्टँड कोणतं ते माहीत असू द्या. आपल्याला अर्धं तिकीट आहेच, पण टपावर सायकल चढवतात का, ते आगारात आधी विचारा. आणि घरी एका माणसाकडे रोजच्या थांब्यांची यादी द्या.

लग्नानंतर वीस वर्षं मी सातारा-फलटण रस्ता एसटीच्या खिडकीतून पाहिला. आता त्यावरचा प्रत्येक चढ आणि प्रत्येक हापसा मला ठाऊक आहे. तुम्हीही या रविवारी घरापासून २० किलोमीटरचा एक तुकडा करून बघा. फेरीची सुरुवात तिथूनच होते.