हुक अडकतो, भाग मात्र अडून बसतात

परभणीपासून समुद्र लांब आहे. पण ऐन पेरणीत ट्रॅक्टरचा एखादा भाग मिळेना झाला की काय हाल होतात, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. विमानवाहू नौकेवरच्या लढाऊ विमानांचं दुखणंही तेच. गोव्यात बोगमाळोला नौदलाच्या हवाई संग्रहालयात सी हॉक विमानाच्या शेपटीखालचा हुक पाहिला, आणि तिथून पाय निघेना.

हा हुक म्हणजे खाली सोडता येणारा, टोकाला वळलेला पोलादी दांडा. विमान डेकवर टेकतं तेव्हा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर असतो. डेकवर आडव्या ताणलेल्या जाड तारांपैकी एकीत हुक अडकला, तर दोन-तीन सेकंदांत शंभरेक मीटरच्या आत सगळं थांबतं. नाही अडकला तर? म्हणून वैमानिक टेकताक्षणी इंजिनाला पूर्ण जोर देतो, पुन्हा उडता यावं यासाठी. जमिनीवरच्या धावपट्टीवर विमान हळुवार टेकवता येतं. इथे ते आपटावंच लागतं. तो हिसका हुकापाशी थांबत नाही. चाकांचे दांडे, सांगाडा, इंजिनाचे आधार, आतली नाजूक उपकरणं, सगळ्यांना तो सोसावा लागतो. वर खाऱ्या हवेचा गंज. त्यामुळे इथे भाग लवकर झिजतात आणि जास्त लागतात.

1961 मध्ये ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका आली, तिच्यावर ब्रिटिश सी हॉक. पुढे पश्चिम जर्मनीने वापरलेली सी हॉकही आपण घेतली. 1983 मध्ये गोव्यात दाबोळीला सी हॅरियर आली. त्यांना हुकाची गरज नव्हती, ती सरळ खाली उतरत. पण 2006 मध्ये ब्रिटिश नौदलाने ती निवृत्त केली आणि ती वापरणारे जगात आपण एकटेच उरलो. तशीच ती आपण 2016 पर्यंत उडवली. ती सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांच्या चिकाटीला सलामच करायला हवा.

मग रशियाची मिग-29के आली, एकूण 45. महालेखापरीक्षकांचा 2016 चा अहवाल वाचताना काळजी वाटते. एकआसनी विमानांपैकी उड्डाणास सज्ज किती? तर 15.93 ते 37.63 टक्के. 2010 पासून तोवर 40 इंजिनं दोषांमुळे काढून घ्यावी लागली किंवा नाकारली गेली. त्यात 2022 पासून रशिया स्वतःच युद्धात गुंतला आहे.

‘मग भाग इथेच बनवा’ असं म्हणणं सोपं आहे. लेथवर आकार जमेलही. पण धातूचा दर्जा, उष्णताप्रक्रिया, किती उतरणी सोसेल याच्या चाचण्या आणि उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, यात वर्षं जातात. शिवाय विमानं मोजकी, म्हणून मागणीही मोजकी. थोड्याशा नगांसाठी यंत्रसामग्रीत पैसा कोण ओतणार? मूळ आराखडे परदेशी कंपनीकडे, ते मिळाल्याखेरीज हातही लावता येत नाही.

एप्रिल 2025 मध्ये फ्रान्सशी 26 राफेल-मरीनचा करार झाला. त्यात इंजिनांच्या देखभाल-दुरुस्तीची सोय भारतात उभी करण्याचं कलम आहे. माझ्या मते विमानांच्या संख्येपेक्षा तेच कलम मोलाचं. ज्यांचा छोटा कारखाना आहे त्यांनी एक करावं: संरक्षण मंत्रालयाच्या ‘सृजन’ पोर्टलवर देशात बनवून हव्या असलेल्या वस्तूंची यादी आहे, ती एकदा जरूर चाळावी.