घराचं वय कोणत्या वस्तूला विचारावं?

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर जुन्या घराची ओळख करून देताना एक आकडा हमखास पुढे येतो. कुणी दोनशे वर्षं म्हणतं, कुणी तीनशे. रेवदंड्यात तर थेट पोर्तुगीज काळ सांगितला जातो. पुरावा म्हणून माजघरातला सागाचा जाड खांब दाखवला जातो, जोत्यातला कोरीव दगड दाखवला जातो. म्हणजे घरातली सर्वांत जुनी वस्तू पुढे केली जाते आणि तिचं वय घराला दिलं जातं. माझ्या मते गफलत होते ती इथेच. घराच्या वयाबाबत सर्वांत जुन्या वस्तूची साक्ष सर्वांत कच्ची असते. खरी साक्ष देते ती सर्वांत नवी वस्तू. अट एकच, ती घराच्या अशा भागात असली पाहिजे जो बांधल्यापासून उकललेला नाही. ती वस्तू ज्या साली जगात आली, त्याआधी तो भाग उभा राहिलेला असू शकत नाही, एवढं खात्रीने म्हणता येतं.

हा नियम या किनाऱ्यावर विशेष कडकपणे पाळावा लागतो, कारण इथे इमारतीचं सामान पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिलं आहे. रेवदंड्याचंच पाहा. पोर्तुगीजांनी चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, १५१६ मध्ये वखार घातली, १५२१ पासून किल्ला बांधायला घेतला आणि १७४० मध्ये ते ठाणं मराठ्यांच्या स्वाधीन केलं. गेर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल-वसईच्या पुरावशेषांवर पुस्तक प्रसिद्ध केलं, तेव्हा तटाच्या आतलं ते शहर उजाड अवशेषांच्या रूपात उरलं होतं. आज त्याच तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि वाड्यांमधून घरं. घडीव दगडांची एवढी मोठी रास शेजारी पडलेली असताना घर बांधणारा नवा दगड कशाला फोडून आणील? तेव्हा जोत्यात पोर्तुगीज घडणीचा चिरा सापडला, तर घर त्या चिऱ्याच्या नंतरचं आहे एवढंच कळतं. किती नंतरचं, ते कळत नाही. लाकडाचीही तीच गोष्ट. साग कधीच स्वस्त नव्हता. पडलेल्या घराचे खांब, तुळया नव्या घरात बसवणं हा शहाणपणाचा व्यवहार होता. तुळईवर रिकाम्या खाचा दिसल्या, ज्यांत आज काहीच बसलेलं नाही, तर ती तुळई एकदा दुसरीकडे नांदून आली आहे असं समजावं.

नव्या वस्तूंची साक्ष मात्र पुष्कळ नेमकी मिळते. मंगलोरी कौल घ्या. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हा त्या कौलांचं छप्पर त्याआधीचं असणं शक्य नाही. पहिल्या महायुद्धानंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले आणि कौलांवरचं नाव बदललं. म्हणून छपरावरून उतरवलेलं प्रत्येक कौल उलटून पाहावं. इथे एक सापळा आहे: काही कौलांवर १८६५ हा आकडाच उठवलेला असतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा आहे, त्या कौलाचा नव्हे. पायाखालच्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्याही बोलतात. १९२२ मध्ये सुरू झालेल्या भारत टाइल्सचा कारखाना जवळच, उरणला होता. गिलाव्यात सिमेंट असेल तर बहुधा विसावं शतक; देशी सिमेंटचं उत्पादन पोरबंदरला १९१४ च्या सुमारास जम धरू लागलं, त्याआधी इथलं बांधकाम चुन्याचं आणि मातीचं. लोहाराने ठोकून केलेला चौकोनी खिळा आणि यंत्रावर तारेतून निघालेला गोल खिळा यांतला फरक तर डोळ्यांना सरळ दिसतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कौलं दर पावसाळ्याआधी चाळली जातात, छप्पर दोन-तीन पिढ्यांत बदलतंच. मग १८६५ नंतरचं कौल घातलं म्हणून आधीचं घर तरुण ठरवायचं का? मुळीच नाही. म्हणूनच न उकललेल्या भागाची अट घातली. कौल छपराचं वय सांगतं, भिंतीचं नाही. भिंतीचं वय भिंतीच्या पोटात शोधावं: चौकटीमागे, पाटणीच्या तुळईच्या टोकाशी, कोनाड्याच्या आतल्या लिंपणात. आणि छप्पर बदललं असेल तर त्याच्याही खुणा राहतात. नळीच्या कौलांना किंवा गवताला लागणारा उतार आणि मंगलोरी कौलांचा उतार सारखा नसतो, रिपांमधलं अंतर वेगळं असतं. त्रिकोणी भिंतीवर जुन्या छपराची रेघ पुष्कळदा गिलाव्याखाली शाबूत असते. अशी रेघ सापडली, की भिंत आजच्या छपरापेक्षा थोरली हे सिद्ध झालं. थोडक्यात, घराला एक वय नसतंच. जोतं एका काळचं, माजघर दुसऱ्या, पडवी तिसऱ्या, माडी चौथ्या. ‘घर किती जुनं?’ याऐवजी ‘कोणता भाग कधीचा?’ असं विचारलं, तरच उत्तराला अर्थ येतो.

कागदांकडे वळताना आधी विचारावं, त्या काळी इथे राज्य कुणाचं होतं? अलिबाग आंग्र्यांचं, ते संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या नवाबाचा. शेजारशेजारच्या गावांची दप्तरं म्हणूनच वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. आज हाताशी असलेल्या कागदांकडून फार अपेक्षा ठेवू नये. सातबारा जमिनीचा असतो, मिळकत पत्रिका धारक आणि क्षेत्र सांगते. बांधकामाचं साल दोन्हींत नसतं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ अधिक कामाचा, कारण घरपट्टी अचानक वाढली असेल तर त्या सुमारास काहीतरी बांधलं गेलं असावं. पण खरी खाण आहे ती जुन्या दस्तांत. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र यांत चतुःसीमेबरोबर घर किती खणांचं हेही लिहिलेलं आढळतं. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. दस्तात पाच खण आणि जागेवर आठ, तर तीन खण दस्तानंतरचे. इतका स्वच्छ पुरावा दुसरा क्वचितच मिळतो.

या दस्तांत सालाची गल्लत मात्र भयंकर होऊ शकते. एकाच काळात शालिवाहन शक, सुहूर सन आणि फसली सन चालत. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, फसलीत पाचशे नव्वद, सुहूर सनात पाचशे नव्याण्णव किंवा सहाशे. फसली १२५० म्हणजे १८४०-४१. तोच आकडा शक समजून वाचला तर १३२८! घर एका फटक्यात पाचशे वर्षांनी म्हातारं होतं. संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर पडताळा घ्यावा. साठ संवत्सरांचं चक्र ठरलेलं आहे. शके १५९६, म्हणजे शिवराज्याभिषेकाचं वर्ष, आनंद संवत्सर होतं, तिथून पुढे मोजत यायचं. नाव आणि आकडा जुळत नसतील, तर वाचनात तरी चूक आहे किंवा लेख नंतरचा आहे. दस्त मोडी लिपीत असेल आणि ती स्वतःला येत नसेल, तर तो जाणकाराकडून वाचून घ्यावा. अंदाजाने वाचलेल्या मोडीवर घराचा इतिहास उभारू नये.

मग घरात चालत आलेल्या आठवणींचं काय? त्या खोट्या असतात असं मी म्हणणार नाही. त्या बहुधा दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतात. ‘आम्ही इथे तीनशे वर्षं आहोत’ हे कुळाबद्दल, वाडीबद्दल खरं असू शकतं. त्या जागेवरचं घर मधल्या काळात आगीत गेलेलं, वादळात पडलेलं, पुन्हा बांधलेलं असू शकतं. आठवणींची ताकद क्रमात आहे. साल चुकतं, पण पणजोबांनी पडवी काढली आणि आजोबांनी माडी चढवली हा क्रम सहसा चुकत नाही. त्या माणसांच्या हयातीची वर्षं दस्तांतून काढता आली की बांधकामालाही काळ मिळतो.

‘लाकूड प्रयोगशाळेत पाठवा, उत्तर मिळेल,’ असंही सुचवलं जातं. सागाच्या खोडात वार्षिक वलयं नीट उमटतात, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत त्यांच्यावरून पूर्वीच्या पावसाचा अभ्यास झाला आहे. पण वलयांवरून झाड तोडल्याचं साल काढायला सालीलगतचा बाहेरचा भाग लागतो, आणि सुतार नेमका तोच तासून टाकतो. कार्बन पद्धत साधारण १६५० नंतरच्या लाकडाला एकाहून अधिक शक्य काळ देते, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या काळातच ती धूसर होते. आणि दोन्ही पद्धतींतून कळलंच, तर लाकडाचं वय कळेल. ते घरात कधी बसवलं, हा प्रश्न जागच्या जागीच राहतो.

हे सगळं आज निकडीचं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरची असंख्य छपरं उडवली. कौलांच्या जागी पत्रे आले आणि कौलांबरोबर त्यांच्यावरची नावंही गेली. २०२४ मध्ये अटल सेतू झाला, मुंबई जवळ आली, जुन्या घरांना गिऱ्हाईक वाढलं आणि जाहिरातींतली वयंही वाढली. दुसरीकडे, किनारा नियमन क्षेत्रात दुरुस्तीची परवानगी मागताना बांधकाम १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेआधीचं आहे का, हे महत्त्वाचं ठरतं. तिथे ‘फार जुनं’ हे उत्तर चालत नाही.

तेव्हा घर उतरवायचं किंवा विकायचं ठरलंच असेल, तर आधी एवढं करा. प्रत्येक सांध्याची, खाचेची, भिंतीवरच्या रेघेची छायाचित्रं घ्या. नाव उठवलेली दोन-चार कौलं आणि मूठभर खिळे कुठून काढले ते लिहून बाजूला ठेवा. पेटीतल्या दस्तांना वाळवी लागण्याआधी त्यांची छायाप्रत काढा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला साल विचारू नका. कुणी काय बांधलं ते क्रमाने विचारा आणि लगेच लिहून घ्या.