आधी दरी, मग शहर

पेरूतील माचू पिचूला जायचे म्हटले, की बहुतेकांना धास्ती वाटते ती डोंगरमाथ्यावरच्या त्या प्राचीन अवशेषांच्या उंचीची. प्रत्यक्षात माचू पिचू समुद्रसपाटीपासून सुमारे २,४३० मीटरवर आहे आणि जिथे विमानाने उतरायचे ते कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटरवर. अवशेषांपेक्षा शहरच जवळजवळ एक किलोमीटर उंच! खरा त्रास होतो तो तिथे.

लिमा हे समुद्रकाठचे शहर. तिथून विमान सव्वा तासात कुस्कोला पोहोचवते. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. श्वासाचा वेग वाढवून शरीर जुळवून घेते; पण त्याला दोन-तीन दिवस लागतात. छोट्या सहलीत नेमके तेच हाताशी नसतात.

पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांत डोके दुखणे, मळमळ, थकवा, झोप न लागणे सुरू होते. प्रवासाचा शीण किंवा पित्त समजून लोक दुर्लक्ष करतात. रोज व्यायाम करणाऱ्या तरुणालाही हा त्रास होतो. तंदुरुस्तीचे कवच इथे चालत नाही.

उपाय सोपा आहे : क्रम उलटा करा. कुस्कोला उतरल्यावर थेट ‘पवित्र दरी’त जा. तिथले ओयान्तायताम्बो सुमारे २,८०० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढा, मग रेल्वेने माचू पिचूकडे जा आणि कुस्को शेवटी पाहा. पहिल्या दिवशी दगदग टाळा, मद्य आणि झोपेच्या गोळ्या नकोत. पाच हजार मीटरवरचा ‘इंद्रधनुषी डोंगर’ सहलीच्या सुरुवातीला तर नकोच.

थेट कुस्कोतच राहावे लागणार असेल, तर ॲसिटाझोलामाइड हे औषध उपयोगी पडते. प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून सुरू करून वर पोहोचल्यावर दोन दिवस देतात. बोटांना मुंग्या येणे, लघवी जास्त होणे हे त्याचे नेहमीचे परिणाम. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी सांगा. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. कापूर हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. हॉटेलात मिळणारा कोकाच्या पानांचा चहाही खात्रीचा उपाय नव्हे आणि ती पाने भारतात आणणे गुन्हा आहे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट महत्त्वाची. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेल आढळतो. या आजाराच्या रुग्णांनी इतक्या उंचीवर जाऊ नये. वाहक एरवी ठणठणीत असतात. मात्र विरळ हवेत क्वचित त्यांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटतो. उंचीवर डाव्या बरगडीखाली जोरात दुखू लागले, तर वाहकाने ते पित्त समजू नये. घराण्यात सिकलसेल असेल, तर निघण्याआधी रक्ततपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती होते. हृदयविकार, दमा, गर्भारपण असल्यासही आधी सल्ला हवा.

परतीचाही विचार करा. पिवळ्या तापाच्या देशांच्या भारताच्या यादीत पेरू आहे. लस घेतल्याचे प्रमाणपत्र नसेल, तर परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. साठीपुढच्यांनी व प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ती डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी. म्हणजे ही तयारी तिकिटांबरोबरच सुरू करायची.

शेवटी, धोक्याच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हव्यात. बसल्या जागी धाप, खोकल्यातून फेस, चालताना झोक जाणे, बोलण्यात गोंधळ. यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. ऑक्सिजन मिळेल तिथे ताबडतोब न्या आणि रुग्णाला खाली उतरवा. त्याला एकटे सोडू नका. ‘एवढे पैसे भरलेत, आजचा दिवस काढू’ हा हिशेब इथे जिवावर बेततो. लेहला विमानाने उतरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. त्याची उंची कुस्कोहून थोडी जास्तच आहे.