क्लिपर्टन : निर्मनुष्य बेटावरील माणसाच्या खुणा

प्रशांत महासागराच्या पूर्व भागात, मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून हजाराहून अधिक किलोमीटर अंतरावर क्लिपर्टन हे कंकणाकृती प्रवाळद्वीप आहे. फ्रान्सच्या ताब्यातील या बेटावर १९४५ नंतर कायमची वस्ती नाही. तरीही माणसाबरोबर आलेल्या प्राण्यांनी येथील निसर्गाचे रूप दोनदा पालटले आहे.

बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळांचे थर साचून हे बेट तयार झाले. त्या ज्वालामुखीचा २९ मीटर उंचीचा एक सुळका अजूनही पाण्याबाहेर दिसतो. मधल्या सरोवराचा समुद्राशी असलेला मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बुजला. त्यामुळे सरोवरात वर पावसाचे गोडे पाणी, तर तळाशी विषारी वायूयुक्त पाणी अशी स्थिती आहे.

फ्रान्सने १८५८ मध्ये बेटावर हक्क सांगितला, तर १८९७ मध्ये मेक्सिकोने त्याचा ताबा घेतला. पक्ष्यांच्या विष्ठेपासून बनलेले फॉस्फेट हे येथील आकर्षण होते. मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटल्यावर येथील सैनिकी ठाण्याची रसद तुटली. ताज्या अन्नाअभावी स्कर्व्ही रोगाने अनेकांचा बळी घेतला. जुलै १९१७ मध्ये ‘यॉर्कटाउन’ ही अमेरिकी युद्धनौका पोहोचली, तेव्हा सुमारे शंभर जणांपैकी केवळ ११ स्त्रिया व मुले उरली होती. पुढे १९३१ मध्ये इटलीच्या राजाने लवाद म्हणून फ्रान्सच्या बाजूने निकाल दिला.

माणसे गेली, त्यांनी आणलेली डुकरे मात्र राहिली. खेकडे, अंडी आणि पिल्ले हेच त्यांचे खाद्य बनले. कोवळी रोपे फस्त करणारे नारिंगी खेकडे घटताच बेटावर हिरवळ पसरली. पक्षी मात्र कमालीचे रोडावले. १९५८ मध्ये एका अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञाने बेटावरील सर्व ५८ डुकरे मारली. त्यानंतर खेकडे पुन्हा वाढले, हिरवळ ओसरली आणि पक्षी परतले. त्या वेळी काही शेकड्यांवर आलेल्या बूबी या समुद्रपक्ष्यांची संख्या २००३ मध्ये लाखाच्या पुढे गेली होती.

हा समतोल फार काळ टिकला नाही. १९९९ व २००० मध्ये बेटाजवळ फुटलेल्या जहाजांतून उंदीर आले असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. त्यानंतर खेकडे पुन्हा घटू लागले, झाडोरा वाढला आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना नवा शत्रू मिळाला.

भोवतालचा समुद्र फ्रान्सने २०१६ मध्ये संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित केला. मात्र अशा घोषणेने मासेमारीला आळा घालता येतो, किनाऱ्यावर उतरलेल्या उंदरांना नव्हे. चहूबाजूंनी महासागराचे कुंपण असलेल्या बेटालाही एका फुटक्या जहाजापासून वाचविणे किती कठीण असते, हे क्लिपर्टनने दाखवून दिले आहे.