दोन जिवांच्या बाईला मागावं लागू नये

चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून देशभर लागू झाल्या. 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायम राहिली, संमती असेल तर बायकांना रात्रपाळीही खुली झाली, हे मथळे एव्हाना सगळ्यांनी वाचले आहेत. त्या मथळ्यांतल्या बाईच्या गळ्यात ओळखपत्र असतं आणि महिनाअखेरीला खात्यात पगार जमा होतो. नवी मुंबईत तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटात, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक बाजारात, कांदा निवडणारी, मिरचीची देठं खुडणारी, सांडलेलं धान्य चाळणारी बाई त्यांत दिसत नाही. रात्रपाळीचं म्हणाल, तर इथलं भाजीपाला मार्केट कित्येक वर्षांपासून उजाडायच्या आत जागं होतं. अशा बाजारात एखादीला दिवस गेले, तर आजूबाजूच्यांनी तिच्याशी कसं वागावं?

आपल्याकडे याची रीत नाही असं नाही. चोरओटी आहे, सातव्या महिन्यात डोहाळे जेवण आहे. घरात तिला भरलेली कळशी उचलू देत नाहीत. सासू कितीही कडक असली तरी ‘दोन जिवांची आहेस, जपून’ एवढं म्हणतेच. पण ही सगळी रीत उंबऱ्याच्या आतली. तीच बाई रोजावर गेली की ती फक्त रोजंदारीवाली उरते.

कांदा-बटाटा मार्केटात गोणी पालथी होते. ढिगाशेजारी दुमडलेल्या गोणपाटावर उकिडवं बसून हात चालत राहतात. सडका एकीकडे, कोंब फुटलेला दुसरीकडे, जोडकांदा वेगळा, गोल्टी वेगळी. टोपली भरली की उठायचं, ओतून यायचं, पुन्हा बसायचं. सातव्या महिन्यात पोट मांड्यांवर दाबलं जातं, पायांना सूज येते. गरोदरपणात सांधे धरून ठेवणारे बंध सैल होतात आणि शरीराचा तोल पुढे जातो. खाली कांद्याची टरफलं नाहीतर ओला पाला, मागून ‘बाजू, बाजू’ करत येणारी हातगाडी. तिथे घाईघाईने उठणारी बाई घसरली तर त्याला केवळ नशीब म्हणता येणार नाही. मसाला मार्केटात मिरचीचा खकाणा उडतो. ठसका लागला की पोटाच्या खालच्या स्नायूंवर ताण येतो आणि आधीच लागणारी धाप आणखी वाढते.

पाणी कमी पिणारी बाई

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती शौचालयाची गोष्ट. गर्भाशय वाढतं तसं मूत्राशयावर दाब येतो आणि वारंवार जावं लागतं. जवळ स्वच्छ जागा नसेल, किंवा जागचं उठलं की मुकादमाच्या कपाळाला आठी पडत असेल, तर बाई एकच उपाय करते. ती पाणी पिणंच कमी करते. पाणी कमी आणि लघवी तुंबवून ठेवलेली, म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण. गरोदरपणात तसा संसर्ग वेळेत बरा झाला नाही तर तो मूत्रपिंडापर्यंत चढतो आणि दिवस भरायच्या आत कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. त्यात आपल्याकडे गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणून गरोदर बाईशी सभ्यपणे वागण्याची सुरुवात, माझ्या मते, गाळ्यापासून चार पावलांवर कडी लागणारं, पाणी असणारं शौचालय असण्यातून होते. ‘जाऊन ये ग, सावकाश’ एवढं म्हणणाऱ्या मुकादमापासूनही होते.

कायदा म्हणतो, तिने मागावं

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातली एक तरतूद जशीच्या तशी आली आहे. गरोदर बाईने विनंती केली, तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. तरतूद चांगली आहे, पण तिच्यात दोन अडचणी आहेत. एक, हे संरक्षण प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या साधारण दहा आठवड्यांपुरतं आहे. ओकाऱ्या, चक्कर आणि गळून जाणं सगळ्यात जास्त असतं ते पहिल्या तीन महिन्यांत, पोट दिसतही नसतं तेव्हा. जपानने हे ओळखून 2006 मध्ये गरोदर बायकांसाठी पर्सला लावायचं एक चिन्ह काढलं, म्हणजे न दिसणारं गरोदरपणही गाडीतल्या शेजाऱ्याला कळावं. दुसरी अडचण मोठी आहे. मागायचं तिने. जिला उद्याचा रोज उद्या बोलावलं तरच मिळणार, ती आज हलकं काम कशी मागेल? कुठल्या महिन्यापर्यंत लपवता येईल, याचाच हिशेब ती करते.

शिवाय पगारी प्रसूती रजेचा लाभ दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या दुकानांना लागू आहे, आणि त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असावं लागतं. रोजंदारीवाल्या बायकांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच मान्य केला. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या मजूर बायकांनी तो मिळवला. पण त्यांचा निदान हजेरीपट होता. गाळ्यावरच्या बाईचं नाव कुठल्याच वहीत नसेल, तर ती 80 दिवस सिद्ध कशाने करणार? तिच्या हाती उरते प्रधानमंत्री मातृवंदना योजना, म्हणजे पहिल्या बाळासाठी 5000 रुपये. सहा महिन्यांचा पगार कुठे आणि हे पाच हजार कुठे!

हा प्रश्न मुंबईच्या ओळखीचा आहे. 1928 च्या जुलैमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. मालकालाही त्यांनी मोकळं सोडलं नाही. बायकांना कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो, तेव्हा काही भार त्याने सोसलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. या मांडणीत दयेचा सूर कुठेच नव्हता, होता तो हिशेब आणि हक्क. शंभर वर्षं होत आली, तरी एपीएमसीतल्या गाळ्याला लावून पाहावी अशी याहून चोख कसोटी मला सापडलेली नाही.

बाजाराला हे जमणार नाही, असं कोणी म्हणू नये. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. गोणी 50 किलोपेक्षा जड नको, यासाठी याच बाजारात माथाडींनी काम थांबवलं आहे. पुरुषाच्या पाठीवर किती वजन असावं हे भांडून ठरवणाऱ्या बाजाराला पोटुशी बाईच्या डोक्यावर टोपली नको, हेही ठरवता येईल.

मग वागायचं कसं?

तिला ढिगाशेजारी उंच बसायला द्या, स्टूल चालेल, पाठ टेकता आली तर उत्तम. बसून निवडायचं काम तिला, टोपली उचलायचं दुसऱ्याला. ‘वहिनी, राहू द्या, मी ओततो’ म्हणायला हमालाला क्षण लागतो. मिरचीच्या खकाण्यातून तिला आधी हलवा, पण हलवताना रोज कापू नका. पोटाला न विचारता हात लावू नका. ‘पोट खाली आलंय, मुलगाच होणार’ हे भविष्य तर नकोच. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला. त्या राज्यात अशा वाक्याने मुलगी असलेल्या पोटाचा अपमान होतो. सल्ले आवरा. तिला बरं वाटत नसेल तर डॉक्टरकडे कोण नेईल, एवढं ठरवून ठेवा. घरी जाताना तुर्भे किंवा वाशी स्थानकावर गरोदर बाईला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. ती चढली तर तिच्याकडे रोखून पाहू नका, जागा द्या.

गाळामालकांना माझं सांगणं तीन गोष्टींचं आहे. प्रत्येक बाईचं नाव हजेरीच्या वहीत लिहा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी तिला पगारी सुट्टी द्या. आणि तिने मागायची वाट पाहू नका. बाजार समितीने तेवढी शौचालयं नीट करावीत. आज वहीत लिहिलेलं नाव उद्या तिच्या हक्काचा पुरावा ठरेल, म्हणून सुरुवात तिथूनच करा.