कुंडीतला वाटाणा रुजत का नाही?

दिवाळीचा फराळ संपत आला, पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटू लागलं, की वाटाणा लावायचे दिवस आले म्हणून समजावं. हौसेनं बी आणलं जातं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं जातं, मुलं रोज वाकून बघतात. आणि दहा-बारा दिवसांनी माती उकरावी, तर हाती लागतो आंबूस वासाचा लगदा! "आमच्याकडे वाटाणा होतच नाही," म्हणून कुंडी कोपऱ्यात जाते. मैत्रिणींनो, बहुतेक वेळा हे बी जास्तीच्या पाण्यानं कुजलेलं असतं.

मटकीला मोड आणताना आपण काय करतो? रात्री भिजवतो आणि सकाळी पाणी उपसून फडक्यात बांधतो. पाण्यातच राहू दिली तर फेस येतो, वास सुटतो. रुजणारा दाणा श्वास घेत असतो. त्याला ओल हवी, तशी हवाही हवी. कुंडीतल्या चिखलात त्याला नेमकी हवाच मिळत नाही.

बी कुठलं घ्यावं?

फ्रीजरमधले मटार गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढलेले असतात, ते रुजत नाहीत. वाण्याकडच्या वाळक्या वाटाण्याला उसळीपुरते मोड येतीलही, पण त्याची जात आणि वय कळत नाही. तेव्हा बियाण्याच्या दुकानातूनच घ्यावं. पाकिटावर चाचणीची तारीख आणि उगवणशक्तीची टक्केवारी छापलेली असते, ती जरूर वाचावी.

'अर्केल' ही लवकर येणारी जात. साधारण दोन महिन्यांत शेंगा तोडायला येतात. 'बोनव्हिल'ला त्याहून जास्त दिवस लागतात. अर्केलचे दाणे सुरकुतलेले दिसले तर खराब समजून परत करू नका. त्यांत साखर जास्त असते, म्हणून वाळताना ते आक्रसतात. गोल दाणे आणि सुरकुतलेले दाणे हा फरक मेंडेल यांनी १८५६ मध्ये सुरू केलेल्या आनुवंशिकतेच्या प्रयोगांत वापरला होता. मात्र हे गोड बी ओल जास्त झाली की लवकर कुजतं.

पाकिटातल्या दाण्यांवर गुलाबी, निळा असा रंग असेल तर ते औषध लावलेलं बी. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये, स्वयंपाकाच्या भांड्यात घेऊ नये, लावून झाल्यावर हात साबणानं धुवावेत.

आधी परीक्षा

सगळं बी एकदम पेरण्याआधी १० दाणे जुन्या फडक्यात गुंडाळा. फडकं ओलसर हवं, पिळलं तर पाणी गळता कामा नये. सहा-सात दिवसांत आठ-नऊ दाण्यांना मोड आले तर उत्तम. पाच-सहाच आले तर थोडं दाट पेरा. त्याहूनही कमी आले तर नवं बी आणा. हंगाम हातचा जाण्यापेक्षा एक पाकीट गेलेलं परवडलं!

पेरणी

वाटाण्याला गारवा लागतो. २० अंशांच्या आसपास तो छान रुजतो. ३० च्या वर गेलं की बी कुजण्याचा धोका वाढतो. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात घाई नको. देशावर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, आणि मुंबई-कोकणात नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पेरावं. फार उशीर केला तर फुलं यायच्या वेळी ऊन तापतं आणि शेंगा धरत नाहीत.

कुंडी १०-१२ इंच रुंद, तळाला भोकं असलेली हवी. दोन वाटे माती, एक वाटा कुजलेलं शेणखत, एक वाटा वाळू, असं मिश्रण भरून आदल्या दिवशीच पाणी घाला आणि निथळू द्या. साधं बी सहा ते आठ तास भिजवा, त्याहून जास्त नको. औषध लावलेलं बी मुळीच भिजवू नये. दाणे इंचभर खोल, दोन-दोन इंचांवर टोचून माती हलकी सारखी करा.

आता लगेच पाणी घालू नका. रोज बोट खुपसून बघा. पेरभर खोल ओल लागली तर झारी ठेवून द्या. कोरडं लागलं तरच बारीक धारेनं शिंपडा.

आठवडा ते दहा दिवसांत कोंब वर येतात. घेवड्यासारखी जाड दलं मातीबाहेर दिसली नाहीत, तर घाबरू नका. वाटाण्याची दलं मातीतच राहतात, नुसता हिरवा शेंडा वर येतो. हा कोवळा शेंडा कबुतरांच्या आवडीचा, म्हणून कुंडीवर जाळी घालावी. वेल वीतभर झाला की तुराट्यांचा आधार द्यावा.

आणखी एक करा: सगळं बी एकाच दिवशी न पेरता पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा पेरा. पहिल्या खेपेला काही दाणे गेले तरी दुसरी खेप हाताशी राहते, आणि शेंगाही एकदम न संपता जास्त दिवस मिळतात.