भिंतीवरची बुरशी आणि पाण्याची वाट

पुणे-लोणावळा लोहमार्गावर तळेगावच्या अलीकडे घोरावाडी हे लहानसे स्थानक आहे. येथून लोणावळा अवघे तीस किलोमीटरच्या आसपास. परंतु या मार्गावर पावसाचे मान झपाट्याने बदलत जाते. पुणे शहरात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्यास ४००० मिलिमीटरहून अधिक. घोरावाडीचा परिसर या दोन टोकांच्या मध्ये येतो. आषाढातील झड आठ-आठ दिवस थांबत नाही, कपडे वाळत नाहीत आणि श्रावण उजाडेपर्यंत घरातील एखादा कोपरा हिरवट-काळा पडू लागतो. कपाट उघडले की कुबट वास येतो. दिवाळीला त्या कोपऱ्यावर रंगाचा हात फिरतो आणि पुढील आषाढात डाग पुन्हा त्याच जागी उमटतो.

दरवर्षी रंगावर होणारा हा खर्च वाया का जातो आणि घरातील बुरशीची तपासणी म्हणजे नेमकी कशाची तपासणी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बुरशीला काय हवे असते?

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. भाताची खाचरे, पालापाचोळा, गोठा येथून ते वाऱ्याबरोबर घरात येतात. त्यांना अडविणे शक्य नाही. लाकूड, कागद, कापड, भिंतीवरील धूळ व रंग यांतून त्यांना अन्न मिळते. तेव्हा आपल्या हाती उरते ती एकच गोष्ट, ती म्हणजे ओलावा. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत कोरडी झाली, तर बुरशीला सहसा मूळ धरता येत नाही.

याचे उत्तम उदाहरण मावळातच आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला असलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. अतिवृष्टीच्या मुलखात लाकूड इतका काळ टिकले, कारण ते खडकाच्या छताखाली आहे. पावसाचा थेट मारा तेथे पोहोचत नाही आणि समोरच्या भव्य गवाक्षातून वारा खेळता राहतो. बाहेर कितीही पाऊस असला, तरी पाण्याची वाट अडविली म्हणजे कुजणे टळते, हा त्यातील धडा होय.

बुरशी ही सर्वस्वी शत्रूही नव्हे. याच लोहमार्गावरील पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले, ते पेनिसिलियम कुळातील बुरशीपासूनच. या कुळातील इतर जाती ओल्या भिंतीवरही आढळतात. प्रश्न बुरशीच्या नावाचा नसून ती राहत्या खोलीत वाढते आहे, याचा आहे.

आरोग्याचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, दमा व श्वसनाच्या अन्य तक्रारींचा धोका अधिक असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना हा त्रास विशेष जाणवतो.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्याने जडलेला श्वसनविकार हे त्याच्या मृत्यूचे कारण असल्याचा निर्णय २०२२ मध्ये चौकशीअंती देण्यात आला. वडिलांनी तक्रार केली, तेव्हा त्यांना भिंत रंगवून घेण्याचा सल्ला मिळाला होता. या घटनेनंतर तेथे कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून सार्वजनिक गृहसंस्थांना अशा गंभीर तक्रारीची ठरावीक मुदतीत तपासणी करणे बंधनकारक झाले आहे. रंगाचा थर हा इलाज नव्हे, ही जाणीव त्या देशाला एका बालकाच्या मृत्यूनंतर झाली.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत ‘काळी बुरशी’ या नावाने ओळखला गेलेला म्युकरमायकोसिस हा रोग आणि भिंतीवरील काळा डाग या भिन्न गोष्टी आहेत. तो रोग मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड औषधांचा वापर यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना झाला. भिंत काळी दिसली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र तिच्याकडे दुर्लक्षही करू नये.

तपासणी कशी होते?

जाणता तपासनीस बुरशी मोजण्याआधी पाण्याची वाट शोधतो. त्याचा पहिला प्रश्न असतो : डाग केव्हा दिसतो? केवळ पावसात दिसत असेल, तर पाणी छतातून, भिंतीच्या भेगेतून किंवा खिडकीच्या कडेने येत असले पाहिजे. आपल्याकडे पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून येत असल्याने दक्षिण व पश्चिम बाजूंच्या भिंती प्रथम पाहाव्यात. डाग बारमाही असेल आणि पलीकडे मोरी वा न्हाणीघर असेल, तर नळ गळत असण्याचा संभव अधिक. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत सलग पट्टा दिसत असेल, तर जोत्यातून ओल वर चढत आहे. कपाटामागे किंवा खोलीच्या कोपऱ्यातच बुरशी असेल, तर घरातील वाफ थंड भिंतीवर जमत असावी.

त्यानंतर घराला बाहेरून फेरी मारावी. पन्हळ तुंबली आहे काय, कौल सरकले आहे काय, गच्चीवर पाणी साचते काय, अंगणाचा उतार घराकडे आहे की घरापासून दूर, हे पाहावे. मग आत येऊन गादीखाली, तसबिरींच्या मागे, पोटमाळ्यावर नजर टाकावी. गिलाव्यावर नाण्याने टकटक केल्यास पोकळ झालेला भाग आवाजावरून कळतो.

भिंतीवरील प्रत्येक पांढरा थर बुरशीचा नसतो. लोणा हा क्षार आहे. पाण्याचा थेंब टाकल्यास तो विरघळतो, बुरशी विरघळत नाही. ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ठरविण्यासही सोपा उपाय आहे. वीतभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. भिंतीकडील बाजूस पाणी दिसल्यास ओल भिंतीतील, खोलीकडील बाजूस दिसल्यास हवेतील, असे समजावे.

व्यावसायिक तपासनिसाजवळ याखेरीज आर्द्रतामापक, भिंतीतील ओल दाखविणारे यंत्र आणि उष्णतेचा फरक टिपणारा कॅमेरा असतो. दडलेली गळती शोधण्यास ही साधने उपयोगी पडतात. परंतु भिंतीत क्षार असल्यास ओल मोजणारे यंत्र फसवे आकडे दाखविते, हे ध्यानात ठेवावे. हवेचे नमुने घेऊन बीजाणू मोजण्याची पद्धतही आहे. मात्र किती बीजाणू घातक, याची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही. आणि पावसाळ्यात बाहेरची हवाही बीजाणूंनी भरलेली असते. बुरशी डोळ्यांना दिसत असेल, तर सहसा अशा चाचणीची गरज नाही. वैद्यकीय सल्ल्यावरून बुरशीची जात ओळखावयाचीच असेल, तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि जात ओळखण्याची सोयही आहे.

अमेरिकेतील टेक्सास व न्यूयॉर्क या राज्यांत अशा तपासनिसांना परवाना लागतो आणि ज्याने तपासणी केली त्यालाच त्या घराच्या सफाईचे काम घेता येत नाही. आपल्याकडेही तपासणीसाठी कोणास बोलाविताना हे तत्त्व पाळण्याजोगे आहे. मोफत तपासणी करून लगेच रंगाचे वा रसायनाचे दरपत्रक पुढे करणाऱ्याचे निदान पारखून घ्यावे.

उपायांचा क्रम

प्रथम पाणी थांबवावे, मग भिंत वाळू द्यावी, नंतर बुरशी काढावी आणि रंग अगदी शेवटी. चार चौरस हातांपर्यंतचा डाग घरीच काढता येतो. नाका-तोंडावर मुखपट्टी व हातांत मोजे घालून, साबणाच्या पाण्याने ओला करून तो घासावा. कोरडा खरवडू नये. बीजाणू हवेत उडतात. ब्लीचिंगचे द्रावण वापरल्यास त्यात आम्ल किंवा अन्य स्वच्छताद्रव्य कदापि मिसळू नये. विषारी वायू निर्माण होतो. बुरशी लागलेली गादी वापरातून काढून टाकणे बरे. कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे.

जुन्या दगडमातीच्या घरांबाबत विशेष दक्षता हवी. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ती आतच कोंडते. पूर्वी चुलीच्या उबेने स्वयंपाकघर कोरडे राहत असे. चुलीचा धूर फुप्फुसांना अपायकारक असल्याने गॅस आला, हे इष्टच झाले. पण गॅस जळतानाही वाफ तयार होते. ती बाहेर जाण्यास छताजवळ झरोका ठेवावयास आपण विसरलो.

ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी शाळा, अंगणवाडी आणि पोषण आहाराच्या धान्याची खोली यांची वैशाखात एकदा आणि श्रावणात एकदा अशी पाहणी करावी. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहून ठेवावी; पुढील पाहणीत ओल वाढली की ओसरली, ते लगेच कळेल. धान्याची पोती भिंतीला टेकवू नयेत. १९७४ मध्ये गुजरात व राजस्थानच्या आदिवासी भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली होती, याचा विसर पडू नये.

या पाहणीला नाणे, प्लॅस्टिकचा कागद, पेन्सिल आणि घटकाभर वेळ एवढेच लागते. पन्हळीतील पालापाचोळा वैशाखातच काढला, तर श्रावणात त्या कोपऱ्यात बसणारे मूल कोरड्या भिंतीशी बसेल.